अडीच एकराचं शीड

हिवाळ्यात मुंबईच्या बंदरात दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास वारा पडतो. पहाटेपासून जमिनीवरून वाहणारा मतलई दमलेला असतो आणि समुद्रावरचा खारा वारा अजून उठलेला नसतो. मधला अर्धा-पाऊण तास पाणी तेलासारखं पडून राहतं. शिडाच्या होडीत बसलेल्याला तो अर्धा तास फार सुंदर वाटतो. फक्त त्या वेळी आपण नेमके कुठे आहोत, हे त्याला ठाऊक असायला हवं.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही पाचजण अशा वेळी नको तिथे होतो. गेटवेहून निघून मांडव्याच्या दिशेने चाललो होतो आणि मोठ्या जहाजांच्या चॅनलच्या ऐन मध्यावर शीड लोंबकळलं. होडी ‘जे-२४’ जातीची, २४ फुटी, वजनाने १,४०६ किलो, म्हणजे एका मोटारगाडीएवढी. दक्षिणेला, प्राँग्जच्या दीपस्तंभाच्या अंगाला, धुरकट हवेत एक चौकोन दिसायला लागला. मला आधी ती इमारत वाटली. आमचे तांडेल काका कुलाब्याचे कोळी, हयात या पाण्यात गेलेली. त्यांनी हातातलं होकायंत्र माझ्याकडे दिलं.

“किती अंशावर दिसतोय, सांग.”

“२१०.”

“दोन मिनिटं थांब. परत बघ.”

दोन मिनिटांनी पुन्हा पाहिलं. २१०. चौकोन मात्र मोठा झाला होता.

“अंश बदलला नाय आणि तो वाढला, म्हणजे तो आपल्यावर येतोय,” काका म्हणाले आणि मागच्या बाजूला अडकवलेल्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाची दोरी ओढायला लागले. पहिल्या ओढीला नाही, दुसऱ्या-तिसऱ्यालाही नाही. चौथ्या ओढीला ते खोकलं आणि चालू झालं. त्या तीन फुकट गेलेल्या ओढींनी मला आकडेमोड करायला लावली. ती अजून चालू आहे आणि अजून प्रत्येक वेळी छाती दडपते.

जहाजापासून सुरुवात करतो. जगातल्या बऱ्याच मोठ्या कंटेनर जहाजांची लांबी ३६६ मीटर असते आणि रुंदी ५० मीटरच्या आसपास. मुंबईची पंधरा डब्यांची लोकल साधारण ३२० मीटर भरते. ती फलाटावर उभी करून शेजारी हे जहाज आणून लावलं, तर जहाजाची दोन्ही टोकं मिळून आणखी दोन डबे बाहेर उरतील. राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. असे चार टॉवर डेकवर एकापुढे एक आडवे ठेवले तरी जागा शिल्लक राहते. अशा जहाजावर वीस फुटी मापाचे साडेबारा हजार कंटेनर असतील आणि ते एका ओळीत मांडले, तर ओळ ७५ किलोमीटर होते. चर्चगेटहून विरार ६० किलोमीटर. म्हणजे विरार मागे पडतं आणि कंटेनर संपत नाहीत. हेही सगळ्यात मोठं जहाज नव्हे. जून २०२५ मध्ये केरळच्या विळिंजम बंदरात ‘एमएससी इरिना’ लागलं. त्याची लांबी ३९९.९ मीटर आणि क्षमता २४,३४६ कंटेनरांची. ती ओळ मुंबईहून निघाली तर जवळपास पुण्यात पोचेल.

ही वाढ फार थोड्या काळातली आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला ‘आयडियल एक्स’ निघालं, तेव्हा त्यावर ५८ कंटेनर होते. ५८ पासून २४,३४६ पर्यंत यायला सत्तर वर्षंही लागली नाहीत. शिडाची होडी मात्र आहे तेवढीच राहिली, कारण ती माणसाच्या हाताच्या मापाची असते. दोरी ओढणारे हात, सुकाणू धरणारा पंजा, वाऱ्याकडे पाठ करून झुकणारं शरीर, यांच्या हिशेबाने ती बेतलेली असते. लहान मुलं ज्यात शिडाचा पहिला धडा गिरवतात, ती ‘ऑप्टिमिस्ट’ जेमतेम २.३ मीटर लांब आणि ३५ किलोची असते.

मुंबईत हा छंद जुना आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती याच बंदरात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ या ४.९३ मीटरच्या होडीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. त्या वर्षी समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेव्याचं बंदर नव्हतं. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. २०२४-२५ या एका वर्षात तिथे वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले गेले. रात्र, रविवार, दिवाळी सगळं धरून हिशेब केला तर दर सव्वाचार सेकंदांना एक. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत एक कंटेनर चढला किंवा उतरला.

हे सगळे कंटेनर जातात-येतात ते गेटवेसमोरच्या पाण्यातून. त्याच पाण्यातून घारापुरीच्या लाँच जातात, मांडव्याच्या फेऱ्या जातात, कोळ्यांच्या होड्या जातात, नौदलाची जहाजं जातात आणि रविवारी शिडं निघतात.

आता वजन. पूर्ण भरलेलं ३६६ मीटरचं जहाज, स्वतःचं आणि मालाचं मिळून, दोन लाख टनांच्या घरात जातं. आमची होडी पाच माणसांसकट पावणेदोन टन. प्रमाण निघतं एकाला एक लाख चौदा हजार. साठ किलोच्या माणसाच्या पायाखाली अर्धा ग्रॅम, म्हणजे तांदळाचे वीस-पंचवीस दाणे. दाण्यांवर पाय पडला तर चालणाऱ्याला कळतसुद्धा नाही. जहाजाच्या बाबतीतही हेच खरं आहे. होडीवरून जहाज गेलं तर ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतल्या, माणसाला धक्का जाणवणार नाही, आवाज ऐकू येणार नाही, वेगाच्या काट्यात फरक दिसणार नाही.

हे दोन लाख टन १० नॉट वेगाने चालले आहेत असं धरा. ताशी साडेअठरा किलोमीटर, म्हणजे सायकलवाल्याचा वेग. या चालीत साठलेली ऊर्जा किती? खचाखच भरलेल्या बारा डबी लोकलचं वजन ८०० टन धरलं आणि ती ताशी १०० किलोमीटरने धावत असली, तर अशा आठ लोकलमध्ये मिळून जेवढी ऊर्जा असेल त्याहून थोडी जास्त. सायकलच्या वेगात आठ धावत्या लोकलचा जोर! किनाऱ्यावरून जहाज संथ दिसतं म्हणून ते थांबायला सोपं असेल, ही समजूत इथेच सोडून द्यायला हवी.

थांबण्याचं माप आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरवून दिलेलं आहे. पूर्ण वेगात असताना इंजिन पूर्ण उलटं फिरवलं, तर जहाजाने आपल्या लांबीच्या १५ पटीच्या आत थांबलं पाहिजे. फार अवजड जहाजांना २० पटीपर्यंत सूट मिळू शकते. ३६६ गुणिले १५ म्हणजे साडेपाच किलोमीटर. गेटवेहून घारापुरीची जवळजवळ अर्धी वाट. आणि हे चांगल्या जहाजाचं माप आहे, मान्यता मिळवलेल्या जहाजाचं. बंदरात शिरताना वेग कमी असतो, ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या टग बोटी सोबत असतात, त्यामुळे अंतर कमी होतं. तरी जिथे थांबवायचं ठरवलं तिथेच ते थांबलं, असं होत नाही. ‘उलटं फिरवणं’ हेसुद्धा गिअर टाकण्याइतकं सोपं नाही. या जहाजांचा पंखा थेट इंजिनाच्या दांड्याला जोडलेला असतो, मध्ये गिअरच नसतो. इंजिन आधी थांबवावं लागतं आणि मग उलट्या दिशेने नव्याने सुरू करावं लागतं. ‘एमा मर्स्क’ या २००६ च्या जहाजाचं इंजिन एक लाख नऊ हजार अश्वशक्तीचं, वजन २,३०० टन, आणि पंखा एकटाच १३० टनांच्या आसपास. तो पंखा म्हणजे आमच्यासारख्या नव्वदएक होड्या.

मग वळायचं म्हटलं तर? त्याचंही माप आहे. सुकाणू पूर्ण फिरवल्यावर उलट तोंड होईपर्यंत जहाजाला बाजूला जास्तीत जास्त लांबीच्या पाचपट जागा लागावी. ३६६ पाचे १,८३० मीटर. आता बंदरातला चॅनल बघा. गाळ उपसून तो साधारण १५ मीटर बुडणाऱ्या जहाजांसाठी खोल केला, आणि सरळ भागात त्याची रुंदी ३७० वरून ४५० मीटर केली. ज्याला वळायला १,८३० मीटर लागू शकतात, त्याच्या वाट्याला ४५० मीटर आलेत. बाहेर पाणी दिसतं ते अथांग. पण ते त्याच्या उपयोगाचं नाही, कारण ते उथळ आहे. बोयांच्या, म्हणजे चॅनलची कड दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, दोन ओळींमध्ये पाण्याखाली एक खंदक आहे आणि जहाज त्या खंदकातून चाललेलं आहे. त्याच्या तळाखाली उरलेलं पाणी पुष्कळदा उंच माणसाच्या डोक्याइतकंच असतं. दोन लाख टनांखाली दीड-दोन मीटर पाणी! ज्या कप्तानाला आणि बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटला हे ओझं त्या खंदकातून न्यायचं असतं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि वारा. इथे मी पहिल्यांदा कागदावर आकडा मांडला तेव्हा पुन्हा तपासून घेतला. आमच्या होडीच्या दोन शिडांचं क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीएवढं. कंटेनर जहाजाची पाण्यावरची बाजू, लोखंडी भिंत आणि तिच्यावर रचलेले कंटेनर मिळून, दहा हजार चौरस मीटरच्या वर जाते. दहा हजार चौरस मीटर म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर. ज्याला आपण इंजिनाचं जहाज म्हणतो, ते बंदरातलं सगळ्यात मोठं शिडाचं जहाज आहे, आणि त्याचं शीड उतरवता येत नाही. २० नॉटचा वारा बाजूने लागला की त्या अडीच एकरावर साधारण ६५ टनांचा रेटा बसतो. एका दणकट टगची अख्खी ताकद तेवढी असते. हा रेटा सोसत सरळ जायचं तर जहाजाला नाक वाऱ्याकडे थोडं तिरकं धरून चालावं लागतं, खेकड्यासारखं. नुसतं पाच अंश तिरकं झालं तरी ५१ मीटर रुंदीचं जहाज ८३ मीटर पट्टा व्यापतं. ‘वारा आहे तर वेग कमी करा,’ असं त्याला सांगता येत नाही, कारण सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच सुकाणू चालतं. वेग फार उतरला की जहाज सुकाणूला दाद देत नाही आणि ते अडीच एकराचं शीड त्याला वाटेल तिकडे नेतं.

दिसण्याचा हिशेब तर सगळ्यात भयंकर. जहाजावरच्या माणसाला पुढचं पाणी कुठून दिसायला लागलं पाहिजे, याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नाळेपुढे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या पुढे, जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल, तेवढ्यापेक्षा जास्त समुद्र झाकलेला नसावा. म्हणजे नियम पाळूनही नाकासमोर अर्ध्या किलोमीटरपर्यंत पाणी दिसेनासं असू शकतं. १० नॉटला हे अंतर कापायला ९७ सेकंद लागतात. त्या दीड मिनिटात त्या पट्ट्यात असलेली होडी वरच्या माणसाच्या लेखी नाही. रडारचा भरवसाही पूर्ण धरता येत नाही. फायबरची लहान होडी रडारला फार पुसट दिसते, आणि लाटा असल्या तर लाटांच्या ठिपक्यांत मिसळून जाते.

हे कसं घडतं ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर २००६ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. २० तारखेच्या रात्री ‘ऊझो’ नावाची २५ फुटी शिडाची होडी आयल ऑफ वाइटच्या दक्षिणेला होती, तिच्यात तिघे होते. त्याच रात्री ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ ही १७७ मीटर लांबीची प्रवासी फेरी पोर्ट्समथहून निघाली. ब्रिटिश तपासयंत्रणेने निष्कर्ष काढला की फेरीची एकतर धडक बसली किंवा ती इतक्या जवळून गेली की होडी पाण्याने भरून बुडाली. होडीवर रडारचं प्रतिबिंब वाढवणारं साधन होतं, पण ते पुरेसं प्रभावी नव्हतं. फेरीवर पहाऱ्याला असलेल्या माणसाच्या चष्म्याला उन्हात काळ्या होणाऱ्या काचा होत्या. त्या काचा अंधारातही थोडा प्रकाश अडवतात. चष्म्याच्या काचेने अडवलेला तो थोडासा प्रकाश! तिघांचे मृतदेह मिळाले. होडी कधीच सापडली नाही.

पाच वर्षांनी, ६ ऑगस्ट २०११ ला, त्याच भागात सॉलेंटच्या पाण्यात भर दुपारी, शेकडो लोकांच्या देखत आणि कॅमेऱ्यांसमोर दुसरी घटना घडली. काउझच्या शर्यतीतली ३३ फुटी ‘अटलांटा ऑफ चेस्टर’ १,२०,००० टनांच्या ‘हाने क्नूटसेन’ या तेलवाहू जहाजासमोरून जायला निघाली. होडीचं फुगलेलं पुढचं शीड जहाजाच्या नांगरात अडकलं आणि डोलकाठी मोडली. एकाने पाण्यात उडी टाकली, एकाच्या डोक्याला मार लागला. कोणी दगावलं नाही, हे त्यांचं नशीब. २०१३ मध्ये होडीच्या कप्तानाला न्यायालयाने ३,००० पौंड दंड आणि खटल्याच्या खर्चापोटी १,००,००० पौंड भरायला लावले. त्या पाण्यात नियम साधा आणि स्पष्ट आहे: १५० मीटरहून लांब जहाज ठरावीक पट्ट्यात आलं की त्याच्यापुढे १,००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर एवढा चौकोन त्याच्याबरोबर पाण्यावरून सरकत असतो आणि त्यात लहान होडीने शिरायचं नाही. मला हा नियम फार आवडतो, कारण तो मीटरमध्ये आहे. ‘सुरक्षित अंतर राखा’ या सूचनेतून प्रत्येकजण आपल्याला हवा तो अर्थ काढतो. १,००० मीटरचा अर्थ १,००० मीटर.

शिडाच्या छंदात शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची. खरं आहे, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते १८ व्या नियमात आहे. पण त्याच पुस्तकात अर्ध्यावर, ९ व्या नियमात, लिहिलेलं आहे की २० मीटरपेक्षा लहान जहाजाने किंवा शिडाच्या जहाजाने, ज्याला फक्त अरुंद चॅनलमधूनच सुरक्षित जाता येतं अशा जहाजाची वाट अडवू नये. आणि १८ वा नियम सुरुवातीलाच सांगतो की ९ व्याचं आधी ऐका. एक पाठ होतो, दुसरा विसरला जातो. ही विसराळू सवय मला चुकीची नव्हे, प्राणघातक वाटते.

२० मीटर ही रेघ केवढी वर आहे, याची कल्पना ‘म्हादेई’वरून येते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ही ५६ फुटी नौका. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता केली. दोघेही मुंबईहूनच निघाले. तीन महासागर पार करणारी ही नौका १७ मीटरची आहे. ९ व्या नियमाच्या हिशेबी चॅनलमध्ये तीसुद्धा लहानच.

मुंबईच्या पाण्याने आपल्याला ताकीद द्यायचं काही बाकी ठेवलेलं नाही. ७ ऑगस्ट २०१० ला ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ बंदराच्या तोंडाशी आदळली, चित्रा कलंडली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस खोळंबली. ३० जानेवारी २०११ ला सन्क रॉकजवळ ‘नॉर्डलेक’ हे मालवाहू जहाज नौदलाच्या ‘विंध्यगिरी’वर आदळलं. आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती युद्धनौका गोदीत बुडाली. ही मोठ्यांची मोठ्यांशी टक्कर, पायलट आणि रडार असलेल्यांची. १८ डिसेंबर २०२४ ला तर मोठं जहाज मध्ये नव्हतंच. इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. लाँचवर परवानगी होती त्याहून जास्त माणसं होती, आणि कित्येकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हतं. जाकीट अंगात असणं आणि बाकाखाली असणं यांतला फरक पाण्यात पडल्यावरच्या पहिल्या मिनिटात कळतो.

आता त्या रविवारकडे परत येतो. इंजिन चालू झाल्यावर काकांनी होडीचं तोंड मांडव्याकडेही धरलं नाही आणि गेटवेकडेही. चॅनलला काटकोनात, सगळ्यात जवळच्या बोयाकडे धरलं. मध्यापासून कडेपर्यंत सव्वादोनशे मीटर, तीन नॉटने अडीच मिनिटं. जहाज तोवर तीनएक किलोमीटरवर असावं. १२ नॉटने येत असेल तर आमच्या जागेवर पोचायला त्याला आठ मिनिटं होती. आठातून अडीच वजा केली की पुष्कळ वेळ उरतो, असं घरी बसून वाटतं. तिथे बसून वाटत नव्हतं. दोरीच्या आणखी दहा ओढी फुकट गेल्या असत्या तर? पाच आखूड भोंगे वाजले. ‘तुमचा विचार मला कळत नाही,’ असं जहाज त्या पाच भोंग्यांनी सांगतं, जगात सगळीकडे त्याचा एकच अर्थ. आम्ही बोया ओलांडला आणि काका आणखी दोनशे मीटर गेल्याशिवाय थांबले नाहीत.

मग ते गेलं. आधी आवाज नव्हता, फक्त पाण्यातून येणारी एक थरथर तळव्यांना लागली. नाळेखाली फुटलेलं पांढरं पाणी आमच्या डोलकाठीइतकं उंच वाटलं. मग निळी भिंत, तिच्यावर लाल, तपकिरी, हिरवे चौकोन, संपता संपेनात. उठू पाहणारा खारा वारा त्या भिंतीआड पार मेला. वर कठड्याशी एक माणूस उभा होता, नखाएवढा. त्याने हात हलवला. माझ्या हातात शिडाची दोरी होती; ती सोडायचं मला सुचलं नाही.

“त्याला हलता येत नाय,” जहाज पुढे गेल्यावर काका म्हणाले. “आपल्याला येतं.”

मला वाटतं, या सगळ्या आकड्यांचा खरा अर्थ या दोन वाक्यांत आहे. लाखभर अश्वशक्ती, दोन लाख टन, कोट्यवधींचा माल, आणि ज्याच्याकडे हे सगळं आहे तो ४५० मीटरच्या खंदकात अडकलेला. न थांबता येणारा, न वळता येणारा, नाकासमोरचं न दिसणारा. आणि जिचं वजन पावणेदोन टन आहे ती आमची होडी पाण्यात फक्त सव्वा मीटर बुडते. बोयांच्या पलीकडचं उथळ पाणी, जिथे ते जहाज रुतेल, तिथे ती निवांत फिरू शकते. चॅनल साधारण ३५ किलोमीटर लांब आहे. म्हणजे त्याच्या दोन्ही अंगांना, बहुतेक ठिकाणी, एवढी लांब आश्रयाची जागा लहान होडीला जन्मजात मिळालेली आहे आणि जगातलं कुठलंही मोठं जहाज तिच्यामागे तिथे येऊ शकत नाही. या पाण्यात मोकळीक ज्याच्याकडे आहे, वाट सोडायचं कामही त्याचंच. यात कमीपणा नाही. मी तर म्हणेन, शिडात बसणाऱ्याला पहिल्या दिवशी गाठ मारायला शिकवण्याआधी हे शिकवलं पाहिजे.

मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. गेटवेवर हल्ली पुष्कळ कुटुंबं मुलांना घेऊन पहिल्यांदा शिडाच्या होडीत बसायला येतात आणि यावीतच. समुद्राकाठी राहून समुद्राकडे पाठ करून जगणं हे काही बरं नाही. तुम्ही जाल तेव्हा चार गोष्टी मागून घ्या. जाकीट सगळ्यांच्या अंगात, पट्टे बांधलेलं, पोहता येणाऱ्यांच्याही. तांडेलाला विचारा की चॅनलचे बोये कुठले, आणि ते मुलांना दाखवायला सांगा. इंजिन असेल तर धक्क्यावरच एकदा चालू करून बघायला लावा. आणि चॅनल ओलांडायचा तर काटकोनात, वारा असताना, दोन्ही बाजू मोकळ्या असताना. लांबवर एखादा चौकोन दिसत असला तर तो जाईपर्यंत अलीकडेच थांबायला सांगा, मुलं कितीही घाई करोत.

चॅनल ४५० मीटर रुंद आहे. ४ नॉट वेगाने तो ओलांडायला ३ मिनिटं ३९ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात १२ नॉटने येणारं जहाज १,३५० मीटर जवळ आलेलं असतं.